परसातलं तळं: हिरवं पाणी, एक दिवड आणि चार घमेली

गेल्या वर्षी जानेवारीत मी परसात लिलीचं तळं करायच्या उद्योगाला लागले, तेव्हा मराठीत कुणी काही लिहिलंय का म्हणून बरंच शोधलं. जे हाती लागलं ते शेततळ्यातल्या मत्स्यपालनाबद्दल, नाही तर गच्चीतल्या टबाबद्दल. मधलं काहीच नाही. आता तळ्याला वर्ष होऊन गेलं, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते. खर्चाचे आकडे माझ्या घरखर्चाच्या वहीतले आहेत.

आम्ही साताऱ्यात राहतो, चौदा रो-हाउसच्या सोसायटीत. घराच्या दक्षिणेला परस आहे, जेमतेम तीस बाय वीस फुटांचं. सप्टेंबर २०२४ मध्ये सासूबाईंना घेऊन कासला गेलो होतो. तिथल्या कुमुदिनी तळ्यावर पांढऱ्या झालरीची फुलं पसरलेली. सासूबाई काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्या दारात येईल का गं?" पठारावरचं काहीही उपटायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की कुमुदिनी आणि वॉटर लिली यांची पानं बहिणी-बहिणींसारखी दिसली तरी कुळं वेगळी.

नावांचा घोळ इथूनच सुरू झाला. आपल्याकडचा नर्सरीवाला पाण्यातल्या कुठल्याही फुलाला कमळच म्हणतो. मी शिकलेली ओळख अशी: पान ताटासारखं पूर्ण गोल, मध्ये देठ, पाण्याच्या वर उभं राहणारं आणि थेंब घरंगळून टाकणारं असेल तर ते खरं कमळ. पानाला देठापर्यंत चीर असेल आणि ते पाण्यावर चिकटून पसरलं असेल तर वॉटर लिली, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतलं कुमुद. लिलीतही दोन जाती. ज्याच्या पानाची कड करवतीसारखी आणि फूल पाण्याच्या वर मान काढून उमलतं ती उष्ण प्रदेशातली. ज्याची कड गुळगुळीत आणि फूल पाण्यालगत तरंगतं ती हार्डी. हार्डीचा आलं-हळदीसारखा आडवा गड्डा असतो आणि तो वर्षानुवर्षं जगतो. मला दरवर्षी नव्याने लावण्याची हौस नव्हती, म्हणून हार्डी.

९ जानेवारी २०२५ ला सोसायटीकडे अर्ज दिला. परस आमचंच, तरी खोदकामाला लेखी परवानगी लागते असं आमच्या नियमावलीत आहे. समितीची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे २ फेब्रुवारीपर्यंत थांबणं आलं. बैठकीत चार आक्षेप निघाले: डास, लहान मुलं, साप आणि शेजारच्या भिंतीत ओल. चौथा आक्षेप घेणाऱ्या काकूंची भिंत आमच्या भिंतीला लागूनच आहे, त्यामुळे मला तो पटला. बाकीच्यांवर मी जरा तणतणले. मग कुठेतरी वाचलं की १८९३ मध्ये चित्रकार क्लोद मोने यांनी फ्रान्समधल्या जिव्हर्नीत तळ्यासाठी ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली, तेव्हा गावकऱ्यांनीही विरोध केला होता. ही परदेशी झाडं पाणी नासवतील, मग गुरं काय पिणार आणि आम्ही कपडे कुठे धुणार, असं त्यांचं म्हणणं. मोनेंनाही अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या तर आपण कोण, असं म्हणून गप्प बसले.

अटी अशा पडल्या: सामाईक भिंतीपासून पाच फूट अंतर, भोवती तीन फुटांचं कुंपण, जास्तीचं पाणी आपल्याच आवारात मुरवणं आणि नुकसान झाल्यास भरपाईचं हमीपत्र. हमीपत्राला शंभरचा स्टॅम्प पेपर घ्यायला गेले तर कळलं की ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचाच लागतो. टायपिंग आणि नोटरी मिळून अडीचशे. परवानगीचं पत्र हातात पडलं ९ फेब्रुवारीला. ज्यांना करायचंय त्यांना एकच सांगते, अर्जाला जागेचा हाताने काढलेला नकाशा, खोली आणि डासांसाठी काय करणार हे आधीच जोडा. माझा महिना त्याशिवाय गेला.

थांबण्याच्या काळात एक चांगलं झालं. मी परसात तासातासाला खडूने सावलीच्या रेघा मारत बसले. लिलीला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, त्याखाली पानंच येतात. हे जानेवारीत मोजलेलं बरं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि सावल्या लांब असतात. जानेवारीत सहा तास मिळाले तर उन्हाळ्यात मिळतातच. शेवगा होता त्या कोपऱ्यापासून मात्र लांब राहिले. त्याची बारीक पानं पाण्यात पडली की रोज गाळणं घेऊन बसावं लागलं असतं.

१७ फेब्रुवारीला खोदाई सुरू झाली. दोन गडी, दोन दिवस, ३,२०० रुपये. दहा बाय सात फुटांचा लंबगोल, मध्ये दोन फूट खोल आणि कडेला नऊ इंचांवर हातभर रुंद पायरी. पायरी काठावरच्या झाडांसाठी. दीड फुटावर मुरूम लागला आणि टिकाव उडायला लागला. गवंडीमामा म्हणाले, "ताई, आता हिथंच थांबायचं का?" मी नाही म्हटलं, आणि ते बरंच झालं. खोल पाणी उन्हाळ्यात लवकर तापत नाही, हे पुढे कळलं. वरची फूटभर काळी माती मी पोत्यात भरून बाजूला ठेवायला लावली. तिचा उपयोग पुढे येतो.

काठ सगळीकडे एका पातळीत हवा. डोळ्यांना सपाट दिसणारी आमची जमीन पाण्याच्या नळीने तपासल्यावर दीड इंच उतार निघाला. तसाच ठेवला असता तर एका बाजूला पाणी सांडतंय आणि दुसऱ्या बाजूला अस्तराचा काळा प्लॅस्टिक कागद उघडा, असं कायमचं दिसत राहिलं असतं. मामांनी अर्धा दिवस फक्त काठ चोपण्यात घालवला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला.

अस्तराला शेततळ्याचा कागद वापरला, ५०० मायक्रॉनचा. शेती साहित्याच्या दुकानात मागताना त्यावर आयएस १५३५१ छापलेलं आहे का ते बघा. माप काढायची रीत: लांबीत खोलीच्या दुप्पट मिळवायचे आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त धरायचा. म्हणजे दहा अधिक चार अधिक दोन, सोळा फूट. रुंदी तशीच तेरा. दुकानदार तो कागद शेतकऱ्यांना मोठ्या मापात विकतो, माझा तुकडा ऐकून त्याने आधी "एवढ्याचं काय करणार?" विचारलं. २,२०० रुपये पडले. कागदाखाली चाळलेली वाळू आणि त्यावर घरातल्या जुन्या सतरंज्या, गोणपाटं. मुरमाची टोकं कागदाला लागू नयेत म्हणून. लग्नातली एक सतरंजी मी काढून ठेवली होती, ती आमच्या ह्यांनी चुकून खाली घातली. ती आता तिथेच आहे.

२६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, तळं भरलं. अंदाजे अडीच हजार लिटर, नळाचं पाणी, तीन दिवस थोडं थोडं करत. भरताना कागदाच्या चुण्या पाण्याबरोबर नीट करत जायच्या. एकदा वजन बसलं की त्या हलत नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला दोन दिवस पुरतात, पण मी दहा दिवस काहीच लावलं नाही, कारण लावायला काही आलंच नव्हतं.

आल्या त्या अळ्या. ६ मार्चला पाण्यात वळवळ दिसली आणि बैठकीतला पहिला आक्षेप आठवून पोटात गोळा आला. सोमवारी, १० तारखेला, जिल्हा हिवताप कार्यालयात गेले. गप्पी मासे तिथे मोफत मिळतात. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, पाणीसाठ्याचं माप आणि सही. बादली आपली न्यायची, हे मला माहीत नव्हतं, म्हणून जवळच्या दुकानातून झाकणाची बादली घेऊन परत रांगेत. तिथल्या बाईंनी पंचवीसेक मासे देताना बजावलं, "पाण्यात आधी पिशवी तरंगत ठेवा, अर्ध्या तासाने सोडा. आणि बाकीच्या कुंड्या-ड्रमचा कोरडा दिवस चुकवू नका." चार दिवसांत तळ्यात एक अळी दिसेना. मासे ओढ्यात-नदीत सोडू नका, ते आपल्या तळ्यापुरतेच बरे.

आता गड्डे. ऑनलाइन तीन मागवले होते, १,३५० रुपयांना. कुरिअर ८ मार्चला आलं. दोन कडक होते, ताज्या आल्यासारखे. तिसरा दाबला तर बोट आत गेलं आणि जो वास सुटला तो सासूबाईंना देवघरापर्यंत आला. विक्रेत्याने पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मी काढला नव्हता, पैसे गेले. तेव्हा कात्री लावण्याआधी फोन समोर ठेवा. दुसरी खेप कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका काकांकडून मिळाली. ते निवृत्त शिक्षक, अंगणात सिमेंटच्या हौदात वीसेक जाती सांभाळतात. दोन गड्ड्यांचे आणि एसटीच्या पार्सलचे मिळून ६०० रुपये. ओल्या वर्तमानपत्रात, वर प्लॅस्टिक, आणि प्रत्येकाला डाळीच्या पिशवीची पट्टी कापून नाव बांधलेलं. फोनवर त्यांनी मला एक तास शिकवलं आणि तेवढं मी कुठल्याच व्हिडिओतून शिकले नाही.

त्यांच्याकडूनच हार्डी रंगांची गोष्ट कळली. थंड प्रदेशातल्या लिली पूर्वी जवळपास पांढऱ्याच असत. फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक नावाच्या माणसाने (आपल्या लातूरशी काही संबंध नाही) १८७५ मध्ये रोपवाटिका काढली, अमेरिकेतल्या जातींशी संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल लिली तयार केल्या आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. मोनेंनी आपल्या तळ्यासाठी त्याच्याकडूनच झाडं मागवली. माझ्याकडे आलेली पिवळी 'क्रोमाटेला' आणि गडद लाल 'अट्रॅक्शन' या त्याच घरच्या. तिसरी 'वनविसा', थायलंडची, एकाच फुलात नारिंगी आणि पिवळे शिंतोडे. चौथीला नावच नव्हतं, काकांनी पट्टीवर 'गुलाबी, बरी' एवढंच लिहिलं होतं.

लावताना मी पहिली मोठी चूक केली. कुंडीत घालतो तसं काळ्या मातीत गांडूळखत आणि कोकोपीट मिसळलं. पाण्यात उतरवल्यावर अर्ध्या तासात कोकोपीट वर येऊन तरंगायला लागलं, दोन दिवसांनी घमेल्यातून बुडबुडे आणि गटारीचा वास. काका फोनवर हसले नाहीत, नुसतं म्हणाले, "काढा आता सगळं." २३ मार्चला पुन्हा लावलं. या वेळी बाजूला ठेवलेली काळी माती आणि ओढ्याकाठचा पोयटा, बाकी काही नाही. घरातली जुनी, जड, चिकट माती पाण्याखाली जितकी चांगली चालते तितकं विकतचं काहीच चालत नाही.

भोक नसलेलं चौदा इंची प्लॅस्टिकचं घमेलं घ्यायचं. गड्ड्याची मागची बाजू घमेल्याच्या कडेला टेकवायची आणि डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, मध्याकडे, किंचित वर कललेली. हार्डीचा गड्डा पुढे पुढे सरकत वाढतो, त्याला चालायला समोर जागा हवी. डोळा मातीत पुरायचा नाही. वर बोटभर जाड बारीक खडी, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. मग घमेलं विटांवर ठेवायचं, कोंबावर चार-सहा इंच पाणी राहील असं. पानं पाण्यावर आली की दर आठ-दहा दिवसांनी एक वीट काढायची. एकदम खाली सोडलं तर कोवळ्या पानाला वर येईपर्यंत दम पुरत नाही. मी वनविसाला घाईने तळाशी सोडलं होतं. तिचं पहिलं पान बाकीच्यांपेक्षा तीन आठवडे उशिरा आलं.

पायरीवर वेखंड लावलं, प्रत्येकी ६० रुपयांची दोन रोपं. त्याच्या शेजारी परसातलीच ब्राह्मी आणि गटारीच्या कडेला माजलेली केर्दळ. ब्राह्मी काठावरून पाण्यात उतरली आणि कागदाची कड आपोआप झाकून गेली. जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी आणू नका. एका नातेवाइकाने प्रेमाने पिशवीभर दिली होती, मी ती घराच्या आतही आणली नाही. आपल्या नद्यांचं तिने काय केलंय ते आपण बघतोच.

खऱ्या कमळाचं वेगळंच प्रकरण झालं. भाच्याने चार कमळबिया आणून दिल्या. त्यांचं कवच इतकं टणक की चीनमधल्या एका सुकलेल्या तळ्याच्या गाळातली सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवली आहे. भाच्याने काचपेपरवर एका टोकाला आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासलं, पेल्यात टाकलं, रोज पाणी बदललं. पाचव्या दिवशी हिरवा कोंब. पण कमळाला तळ्यात सोडायचं नाही, ते बाकीच्यांना जागाच ठेवत नाही. त्याला स्वतंत्र गोल टब दिला. पहिल्या वर्षी फूल आलं नाही, येणारही नव्हतं.

गुढीपाडव्याला, ३० मार्चला, क्रोमाटेलाचं पहिलं पान पाण्यावर आलं, तांबूस ठिपक्यांचं. त्याच आठवड्यात पाणी हिरवं व्हायला लागलं आणि ५ एप्रिलपर्यंत इतकं गडद झालं की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नव्हती. मला माहीत होतं की हे होतं. वाचलं होतं, काकांनी सांगितलं होतं. तरी एका रविवारी, मी भिशीला गेले असताना, ह्यांनी आणि मुलाने मिळून सगळं पाणी उपसलं, कागद घासला आणि नळाने तळं परत भरलं. मी आले तेव्हा दोघं कौतुकाच्या अपेक्षेने उभे होते. ताज्या क्लोरीनने पंधरा गप्पी मेले. आणि सहाव्या दिवशी पाणी परत तितकंच हिरवं.

कारण साधं आहे. नव्या पाण्यात आणि मातीत क्षार भरपूर, वर एप्रिलचं ऊन, आणि ते अडवायला पानं नाहीत. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ मग फोफावतं. पाणी बदललं की त्याला नवं जेवण मिळतं. लिलीची पानं निम्म्याहून जास्त पाणी झाकेपर्यंत थांबणं एवढाच उपाय. आम्ही पंपाच्या बटणावर चिकटपट्टी लावली. रोज फक्त उडालेलं पाणी भरायचं, एप्रिलच्या कडक दिवसांत तीन बादल्या, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पिंपातलं. येणारे-जाणारे "पाणी घाण झालंय" असं आवर्जून सांगायचे. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फोटोही टाकला. मी काही उत्तर दिलं नाही, रात्री मात्र बॅटरी घेऊन अळ्या शोधत बसायचे. एकही सापडली नाही. दुसऱ्यांदा हिरवं झाल्यापासून चोविसाव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गेले तर तळातली वीट दिसली. आधी मला वाटलं माझा चष्मा.

पहिली कळी मंगळवारी, ६ मे रोजी उमलली. लाल. साडेआठच्या सुमाराला सैल झाली आणि नऊला पूर्ण उघडली. आमचे हे बँकेत, तालुक्याच्या शाखेत. सव्वाआठला निघतात आणि सातला येतात. हार्डी लिली सकाळी उघडते आणि दुपारी तीन-चारला मिटते. मंगळवारी त्यांनी मिटलेली कळी बघितली, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही तीच. शनिवारी दुसरा शनिवार म्हणून सुट्टी, तर फूल देठ वाकवून पाण्याखाली गेलेलं. एका फुलाचं आयुष्य तीन-चार दिवसांचंच. सासूबाई मात्र चारही दिवस पाटावर बसून होत्या. त्यांनीच दाखवलं की पहिल्या दिवशी फुलाच्या मध्ये वाटीसारखं पाणी साठतं आणि त्यात एक छोटी माशी बुडून मेली. दुसऱ्या दिवशी ते पाणी नाहीसं, पिवळे पुंकेसर मोकळे. हे मी पुस्तकात नंतर वाचलं: पहिला दिवस मादीचा, मग नराचे.

पाच पानं आल्यावर खत सुरू केलं. १०:२६:२६, एक लहान चमचा, वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट पुडी करून गड्ड्यापासून चार बोटं लांब, घमेल्याच्या तळापर्यंत खुपसायची, महिन्यातून एकदा. पाण्यात विरघळू द्यायचं नाही, नाही तर परत शेवाळाचं जेवण.

मे अर्धा पावसातच गेला. २०२५ चा मान्सून २४ मेला केरळात पोचला आणि दोन दिवसांत आपल्याकडे होता. आमचा जादा पाण्याचा पाइप बसवलेला होता, पण त्याच्या तोंडाला जाळी नव्हती. एका रात्रीत तळं काठोकाठ भरलं आणि सकाळी गप्पी पेरूच्या आळ्यात. वाचले ते वाचले. त्याच दिवशी मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधला, नंतर नीट जाळी बसवली. ढगाळ हवेत लिली रुसते. जून-जुलैत पानं पिवळी पडत राहिली, कळ्या आठवड्याला एखादी, आणि पानांच्या वरच्या बाजूला काळा मावा बसला. मासे असल्यामुळे औषध नाही. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने मावा पाण्यात पाडायचा, गप्पी खातात. पिवळं पान देठाच्या तळापासून काढायचं, ओढून तोडायचं नाही.

तिसरा आक्षेप जुलैत आला. चौदा तारखेला दुपारी वेखंडातून साप निघाला आणि पोहत पलीकडे गेला. ग्रुपवर सात मिनिटांत एकेचाळीस संदेश. सर्पमित्र आला, त्याने बघताक्षणी सांगितलं, "दिवड आहे, पाण्यातला, बिनविषारी. चावेल पण काही होणार नाही. बेडकांसाठी आलाय." पकडून नेला. पाचव्या दिवशी दुसरा. तेव्हा मी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आता सांगतेय. वेखंड अर्ध्यावर कापलं, काठाचे दगड सिमेंटने सांधले, बिळांना जागा राहू नये म्हणून. खंड्या मात्र येतो. एका वेळी दोन मासे उचलतो आणि कुंपणाच्या बांबूवर आपटून खातो, त्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ऊन परतलं आणि मग जे फुललं ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. चारही जाती, एकेका दिवशी सात-आठ फुलं. हार्डी या शब्दाचा मला तेव्हा अर्थ लागला. तो थंडीसाठीचा शब्द आहे. गड्डा गोठला नाही तर वर बर्फ धरलेल्या तळ्यातही ती तगते. आपल्याकडे तिची परीक्षा हिवाळा घेतच नाही, एप्रिल-मे घेतो. उथळ टबातलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, गड्डा उकडून सडतो. दोन फुटांच्या तळ्याने माझी झाडं तारली. जानेवारीत आमच्याकडे पहाटे गारठा होता, तेव्हा नवी पानं लहान लहान आली, कळ्या थांबल्या, एवढंच. कमळाचा टब मात्र पूर्ण ओसाड, नुसता चिखल. मोलकरीण दोनदा विचारून गेली, टाकून देऊ का. खाली गड्डे झोपलेले आहेत, पाणी ठेवायचं आणि हात लावायचा नाही.

एकूण खर्च १३,२७० रुपये. मजुरी, कागद, गड्डे आणि हमीपत्राचे आकडे वर आलेच. उरलेल्यात कुंपणाचे बांबू-जाळी १,९००, वाळू-दगड १,८००, पाच घमेली ७००, पाइप आणि जाळी ४५०, वेखंड १२० आणि खत २००. कारंजं, दिवे, फिल्टर घेतला नाही. लिलीला वाहतं आणि अंगावर उडणारं पाणी आवडतही नाही.

या फेब्रुवारीत घमेली बाहेर काढली. एकेक उचलायला दोन माणसं लागली. अट्रॅक्शनचा गड्डा घमेल्याची कड ओलांडून लोंबत होता. मागचा जुना भाग धारदार सुरीने कापून टाकला, पुढचे वीतभर तुकडे डोळ्यासकट ठेवले, नव्या मातीत परत लावले. चारांचे अकरा झाले. काकांना फोन केला तर कळलं की गेल्या उन्हाळ्यात हौदाला तडा गेला, ते मुलीकडे पुण्याला होते, आणि 'गुलाबी, बरी' त्यांच्याकडून गेली. त्या जातीचा माझ्याकडे एक चांगला तुकडा जास्तीचा होता.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला, वर प्लॅस्टिक, डाळीच्या पिशवीची पट्टी. स्टँडवरच्या पार्सल खिडकीत त्याने विचारलं, आत काय. मी म्हटलं, गड्डा आहे, कमळासारख्या फुलाचा, पाण्यातला. त्याने पुडकं हातात घेऊन दाबून बघितलं आणि पावतीवर लिहिलं: 'आले, १ नग.'